अपघातग्रस्त कामगारांच्या मुलांचे शिक्षण : दानधर्म नव्हे, भरपाईचा हक्क

(व्याख्यानाचा मजकूर)

बंगळूर म्हटले की देशभरच्या वृत्तपत्रांना संगणक कंपन्या, संशोधनसंस्था आणि विमानांचे कारखाने आठवतात. ज्यांनी हे शहर विटेवर वीट चढवून उभे केले, जे त्याची गटारे उपसतात, त्याच्या कारखान्यांत प्रेस चालवतात, त्यांची आठवण अपघाताच्या दिवशी होते, आणि तीही दोन-तीन दिवसच टिकते. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी मुसळधार पावसात बाबूसापाळ्य भागातील एक बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळली. नऊ कामगार ढिगाऱ्याखाली मृत्यू पावले. मृतांत बिहार, उत्तर प्रदेश, आंध्र आणि तामिळनाडूतून पोटासाठी आलेले लोक होते. मंत्री आले, मदतीची घोषणा झाली, चौकशीचा आदेश निघाला, गुन्हा नोंदवला गेला. त्यानंतर शहर आपल्या कामाला लागले.

ज्या प्रश्नाचा येथे विचार करायचा आहे, तो या सर्व घोषणांच्या नंतर सुरू होतो. मेलेल्या किंवा कायमच्या अपंग झालेल्या कामगाराचे मूल पुढच्या जूनमध्ये कॉलेजात जाणार की नाही? प्रश्न दिसायला लहान आहे. वेतनवाढ, किमान वेतन, कंत्राटी पद्धतीचे उच्चाटन या मोठ्या लढ्यांपुढे कोणाला तो दुय्यमही वाटेल. परंतु भांडवलदारी उत्पादनव्यवस्था कामगाराकडून नेमके काय घेते आणि त्याला काय परत देते, हे या एका प्रश्नातून जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दुसऱ्या कशातून दिसेल.

प्रश्नाचे खरे स्वरूप

कामगार आपली श्रमशक्ती विकतो, ती केवळ आजच्या भाकरीसाठी नव्हे. त्या मजुरीतून पुढची पिढी वाढवायची असते. मुलाने आपल्यापेक्षा वेगळे जिणे जगावे, मुलीने विटा वाहू नयेत, ही प्रत्येक कामगार आईबापाची इच्छा असते. गवंड्याची मुलगी बारावीला पोहोचते, तेव्हा त्यामागे बारा वर्षांची काटकसर असते. अपघात घडतो तो नेमका या काटकसरीवर. कमावता माणूस गेला किंवा अंथरुणाला खिळला की घरातील खर्चांना कात्री लागते. धान्य थांबवता येत नाही, भाडे थांबवता येत नाही, औषध तर नाहीच नाही. थांबवता येते ते एकच : शिक्षण. आणि त्यातही पहिल्यांदा थांबते ते थोरल्या मुलीचे.

बंगळुरात ही मुलगी कोठे जाते हे कोणालाही ठाऊक आहे. पीण्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रस्ता येथे तयार कपड्यांचे कारखाने आहेत. सकाळच्या पाळीला जाणाऱ्या बसमध्ये सतरा-अठरा वर्षांच्या किती मुली कॉलेज सोडून आलेल्या असतात आणि त्यांपैकी कितीजणींच्या घरी अपघात घडून गेलेला असतो, याची कोणत्याही सरकारी खात्याने कधी मोजदाद केलेली नाही. बापाच्या अपघाताची किंमत मुलगी शिलाईयंत्रावर बसून फेडते. ज्याच्या नफ्यासाठी तो अपघात घडला त्याच्या हिशेबवहीत ही रक्कम कोठेही लिहिलेली नसते.

फ्रेडरिक एंगल्सने १८४५ साली इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवर लिहिताना मँचेस्टरच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या लुळ्यापांगळ्यांचे वर्णन केले. फार तर डॉक्टरचे बिल मालक भरतो, पुढे त्या माणसाचे काय होते याच्याशी त्याला कर्तव्य नसते, हे त्याने दाखवून दिले. जवळजवळ दोन शतके उलटली. मालकाची कायदेशीर जबाबदारी वाढली, हे खरे. पण 'पुढे काय' या प्रश्नाचे उत्तर अजूनही अपुरेच आहे.

संघटित उद्योगांचा अनुभव

बंगळूर आणि त्याच्या परिसराला या प्रश्नाचा इतिहास आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. तोवर शतकाहून अधिक काळ तेथील कामगार हजारो फूट खोल उतरत होते. खडक फुटून होणारे स्फोट आणि फुप्फुसात साचणारी दगडाची धूळ ही तेथील मृत्यूची दोन रूपे होती. पहिले रूप एका क्षणाचे, दुसरे वर्षानुवर्षांचे. सिलिकोसिस हा व्यवसायजन्य रोग असून कायद्याने तो अपघातासारखाच भरपाईस पात्र आहे. ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, कारण 'अपघात' म्हटले की रक्त दिसले पाहिजे अशी समजूत आपल्या कार्यकर्त्यांतही आढळते. दहा वर्षे खोकत खोकत मरणाऱ्या कामगाराची मुले कोणत्याच यादीत येत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर या शहरात हिंदुस्थान एरोनॉटिक्स, आय.टी.आय., एच.एम.टी., भारत इलेक्ट्रॉनिक्स हे सार्वजनिक क्षेत्रातील मोठे कारखाने वाढले. तेथील कामगारांनी संघटना बांधल्या, आणि डिसेंबर १९८० पासून ७७ दिवस चाललेल्या संपात सव्वा लाखाच्या आसपास कामगार उतरले. अशा लढ्यांतून वसाहतीतील शाळा, दवाखाने आणि कामावर दगावलेल्या कामगाराच्या वारसाला नोकरी ही व्यवस्था टिकून राहिली. ती मोठी कमाई होती. तरीही तिची मर्यादा ओळखली पाहिजे. अनुकंपा तत्त्वावरील नोकरीने मुलाला बापाच्या जागी उभे केले, त्याला शिकू दिले असे नव्हे. आणि वारसाची जागा एकच असल्यामुळे ती बहुधा मुलाला मिळाली, मुलीला क्वचित.

आज ती कमाईही आटत चालली आहे. कायम कामगाराच्या शेजारी तेच काम कंत्राटी कामगार करतो. त्याला वसाहत नाही, वारसाची नोकरी नाही. आणि शहरातील सर्वांत धोक्याची कामे म्हणजे उंच इमारतींचे बांधकाम, गटारसफाई, मालवाहतूक आणि घरपोच सामान पोहोचवणे. ही कामे करणारा कामगार तर कोणत्याच कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो.

कायदा काय देतो?

भारतात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्या काळच्या मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडणाऱ्यांत नारायण मल्हार जोशी अग्रभागी होते, याचा मराठी कामगारांना अभिमान वाटावा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने या कायद्याची जागा घेतली असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. मात्र भरपाईचे सूत्र तेच राहिले आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास निम्म्याऐवजी ६० टक्के धरायचे.

हिशेब करून पाहू. समजा, ४५ वर्षांचा एक बांधकाम कामगार कामावर मृत्यू पावला. जानेवारी २०२० मध्ये भरपाईसाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये ठरवण्यात आली. प्रत्यक्ष मजुरी त्याहून अधिक असली तरी हिशेब त्या आकड्यावरच. निम्मे म्हणजे ७,५००. पंचेचाळीसाव्या वर्षाचा गुणक १६९.४४. भरपाई १२,७०,८०० रुपये. ऐकताना ही रक्कम मोठी वाटते. पण ती मिळेपर्यंत आयुक्तांपुढे खटला चालतो. नोकरीचा पुरावा नाही म्हणून कंत्राटदार हात वर करतो, मूळ मालक कंत्राटदाराकडे बोट दाखवतो. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड अशी तरतूद आहे, हे पुष्कळ कुटुंबांना कोणी सांगतच नाही. दरम्यान सावकाराचे देणे वाढलेले असते. रक्कम हाती येते तेव्हा तिचा पहिला वाटा कर्जाला, दुसरा बहुधा थोरल्या मुलीच्या लग्नाला जातो. अल्पवयीन मुलांचा वाटा बँकेत ठेवला जातो, ही चांगली सोय आहे. पण कॉलेजची फी दरवर्षी भरावी लागते आणि खटला कोणाच्या प्रवेशाची तारीख पाहून निकाली निघत नाही.

एकरकमी भरपाईची ही उणीव फार पूर्वीच ओळखली गेली होती. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली सादर केलेल्या आपल्या अहवालात आरोग्यविम्याची योजना मांडली. त्या वेळी केंद्रात मजूरखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्या पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. एकदाच पैसे देऊन मोकळे होण्याऐवजी दरमहा रक्कम देत राहणे हे त्या योजनेचे तत्त्व. या योजनेखालील कामगार कामावर मृत्यू पावला तर त्याच्या वेतनाच्या ९० टक्के रक्कम अवलंबितांना मिळते. त्यात विधवेचा वाटा तीन पंचमांश आणि प्रत्येक मुलाचा दोन पंचमांश असतो. एकूण रक्कम मर्यादेपलीकडे गेली तर सर्वांचे वाटे त्या प्रमाणात कमी होतात. मुलाला हा लाभ पूर्वी १८ व्या वर्षापर्यंत मिळत असे. २०१० च्या दुरुस्तीने ती मर्यादा २५ वर्षे झाली. मुलीला तो विवाहापर्यंत मिळतो.

२५ वर्षे ही मर्यादा महत्त्वाची आहे. मूल अठराव्या वर्षी संपत नाही, त्याचे शिक्षण चालू असते, हे येथे कायद्याने मान्य केले. पण ही योजना कोणाला लागू आहे? २०१७ पासून मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या, नोंदलेल्या आस्थापनेतील कामगाराला. बांधकामाच्या जागांनाही ती २०१५ पासून लागू करण्यात आली, तरी पाटीवाल्या मजुराच्या हाती विम्याचे कार्ड सहसा दिसत नाही.

जखमी कामगाराचे मूल

मृत्यूची निदान बातमी होते. जखमेची होत नाही. या प्रश्नातील सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे जिवंत राहिलेल्या, पण पूर्वीसारखे काम करू न शकणाऱ्या कामगाराची मुले.

पीण्या औद्योगिक वसाहतीत हजारो लहानमोठे कारखाने आहेत. तेथे पत्रा कापणाऱ्या आणि दाबणाऱ्या प्रेसवर बोटे जाणे ही नित्याची गोष्ट आहे. दोन्ही हातांनी एकाच वेळी कळ दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये अशी साधी व्यवस्था करता येते. पण तीमुळे तासाला निघणाऱ्या नगांची संख्या घटते म्हणून ती पुष्कळदा काढून ठेवली जाते किंवा बसवलीच जात नाही. समजा, ४० वर्षांच्या कामगाराची तर्जनी मुळापासून गेली. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे त्याची कमावण्याची क्षमता १४ टक्क्यांनी घटली. नुकसानभरपाईच्या सूत्राने १५,००० रुपये वेतनावर त्याला सुमारे २,३२,००० रुपये मिळतील. विमा योजनेखाली असेल आणि त्याची रोजची सरासरी मजुरी ५०० रुपये असेल, तर ४५० चे १४ टक्के म्हणजे रोजचे ६३ रुपये, महिन्याचे १,८९० रुपये, आयुष्यभर मिळतील.

कागदावर त्याचे १४ टक्केच नुकसान झाले. प्रत्यक्षात काय होते? उजव्या हाताची तर्जनी गेलेल्या प्रेस ऑपरेटरला पुन्हा प्रेसवर कोण घेतो? तो पहारेकरी होतो, चहाची किटली घेऊन फिरतो, नाहीतर गावी परततो. त्याची मिळकत १४ टक्क्यांनी नव्हे, निम्म्याने उतरते. आणि शिष्यवृत्तीच्या बहुतेक योजना 'मृत्यू' किंवा 'कायमचे पूर्ण अपंगत्व' या दोनच शब्दांवर थांबतात. बोटे गेलेल्या, कंबर मोडलेल्या, एका डोळ्याने अधू झालेल्या कामगाराचा मुलगा त्या दोन शब्दांच्या मधल्या फटीत पडतो. अपघातग्रस्त कुटुंबांत अशी कुटुंबे मृतांच्या कुटुंबांपेक्षा कितीतरी अधिक आहेत, हे कोणत्याही विमा दवाखान्याच्या दारात एक सकाळ उभे राहिले तरी कळते.

बंगळुरातील योजना आणि त्यांच्या अटी

याचा अर्थ कोणत्याच योजना नाहीत असा नव्हे. कर्नाटकात संघटित कामगारांसाठी १९६५ च्या कायद्यान्वये कामगार कल्याण मंडळ आहे आणि ते कामगारांच्या मुलांना शैक्षणिक साहाय्य देते. राजाजीनगर येथे राज्य कामगार विमा महामंडळाचे वैद्यकीय महाविद्यालय २०१२ पासून चालू आहे आणि महामंडळाच्या अशा महाविद्यालयांत विमाधारक कामगारांच्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात. खासगी व्यापारी वाहनांचे चालक व वाहतूक कामगार यांच्यासाठी राज्यात अपघात साहाय्य योजना आहे. मृत्यूबद्दल ५ लाख रुपये आणि मृत किंवा कायम अपंग झालेल्या कामगाराच्या दोन मुलांना शिक्षणासाठी दरवर्षी १०,००० रुपये असे तिचे स्वरूप आहे. अपघात आणि मुलांचे शिक्षण यांचा थेट संबंध जोडणाऱ्या थोड्या योजनांपैकी ही एक, म्हणून तिचे तत्त्व स्वागतार्ह आहे. पण आजच्या बंगळुरात १०,००० रुपयांत वसतिगृहाचे दोन महिनेही निभत नाहीत.

सर्वांत मोठी व्यवस्था बांधकाम कामगारांची. १९९६ च्या कायद्यांनी बांधकाम खर्चावर किमान एक टक्का उपकर बसवला आणि त्यातून राज्यांची कल्याणकारी मंडळे उभी राहिली. कर्नाटकातील मंडळ कामगारांच्या मुलांना पहिलीपासून पदव्युत्तर वर्गापर्यंत शैक्षणिक साहाय्य देऊ लागले. त्याच्या बळावर गवंड्यांची, सेंट्रिंगवाल्यांची मुले अभियांत्रिकी, कायदा, परिचर्या अशा अभ्यासक्रमांना गेली. आणि ३० ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेने याच रकमांत मोठी कपात झाली. शैक्षणिक वर्ष अर्धे उलटलेले, फी भरलेली, कर्ज काढलेले, आणि मिळणारी रक्कम एका कागदाने कापलेली. कामगार संघटनांनी निदर्शने केली. काही विद्यार्थिनींनी उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०२१ च्या अधिसूचनेतील जुन्या दराने साहाय्य देण्याचा निर्णय त्यांच्या बाजूने लागला. विद्यार्थिनींनी मिळवलेला हा विजय अभिनंदनीय आहे. पण त्यातून निघणारा धडा अधिक महत्त्वाचा. जी रक्कम मंडळाच्या मर्जीवर अवलंबून असते, ती मंडळाच्या मर्जीने कापलीही जाते.

तुलनेसाठी महाराष्ट्र घ्या. तेथील बांधकाम कामगार मंडळाच्या योजनेत नोंदणीकृत कामगाराच्या दोन मुलांना पदवीसाठी वर्षाला २०,००० रुपये, अभियांत्रिकीसाठी ६०,००० आणि वैद्यकीयसाठी १,००,००० रुपये अशी तरतूद आहे. एकाच केंद्रीय कायद्याखाली, एकाच प्रकारच्या उपकरातून, सीमेच्या दोन बाजूंना दोन दर. सोलापूर जिल्ह्यातील कामगार बंगळुरात परांचीवरून पडला तर त्याच्या मुलीला कोणत्या मंडळाने शिकवायचे? बिहारच्या कामगाराच्या मुलीला कोणी? जेथे घाम गाळला, जेथे उपकर जमा झाला, त्या राज्याने, हे याचे एकच न्याय्य उत्तर आहे. परंतु नोंदणीसाठी आधीच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि नोंदणीचे नूतनीकरणही वेळेवर करावे लागते. तीन महिन्यांत तीन जागा बदलणाऱ्या परप्रांतीय मजुराला हा दाखला कोण देणार? अपघात झाल्यानंतर कळते की त्याचे कार्ड नव्हतेच, किंवा होते पण मुदत संपली होती. उपकर मात्र इमारतीवर वसूल झालेला असतो. कामगार नोंदलेला असो वा नसो, त्याच्या श्रमाने उभ्या राहिलेल्या भिंतीचा कर सरकारजमा झाला. मग त्याच्या मुलाचा हक्क कार्डाच्या तारखेवर का अडावा?

दान की हक्क?

येथे तत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात १९८८ साली कामगार-भरपाईच्या दाव्यांत काम करणाऱ्या वकिलांच्या पुढाकाराने एक धर्मादाय संस्था निघाली. 'किड्स चान्स' हे तिचे नाव. कामावर मेलेल्या किंवा गंभीर जखमी झालेल्या कामगारांच्या मुलांना कॉलेजसाठी शिष्यवृत्ती देणे हे तिचे काम, आणि पुढे अनेक राज्यांत तिच्या शाखा झाल्या. त्यातील माणसांच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. जखमी कामगाराचे मूलही तेथे मोजले जाते, हे आपण शिकण्यासारखे आहे. पण जगातील सर्वांत श्रीमंत भांडवलशाही देशात कामगाराच्या मुलाचे शिक्षण देणग्यांवर अवलंबून राहावे, यातच त्या व्यवस्थेची कबुली आहे.

उलट बाजूला जर्मनी पाहा. १८८४ साली बिस्मार्कने अपघातविम्याचा कायदा केला. वाढत्या समाजवादी चळवळीला शह देण्याचा त्याचा हेतू होता, कामगारप्रेमाचा नव्हे. तरी कामगार चळवळीच्या दबावाखाली निघालेला तो कायदा टिकला आणि विस्तारला. आज तेथे कामावर मृत्यू पावलेल्या कामगाराच्या मुलाला त्याच्या वार्षिक कमाईच्या २० टक्के, आणि आईवडील दोन्ही नसतील तर ३० टक्के निवृत्तिवेतन मिळते, आणि शिक्षण चालू असेल तर ते २७ व्या वर्षापर्यंत मिळते. तो पैसा विम्यातून येतो आणि विम्याची वर्गणी सर्वस्वी मालक भरतात. त्यासाठी अर्ज करणाऱ्या मुलाला गुणपत्रिका दाखवावी लागत नाही, कोणाचे आभारही मानावे लागत नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९६४ च्या १२१ व्या करारातही शिकत असलेल्या मुलासाठी वयाची मर्यादा वाढवण्याचे तत्त्व आहे. भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही.

आपल्या देशातही हे तत्त्व एका ठिकाणी उघडपणे मान्य झाले आहे, आणि तेही सर्वांत दलित अशा कामगारांच्या बाबतीत. गटारात गुदमरून मरणाऱ्या सफाई कामगारांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल दिला. मृत्यूबद्दलची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली, कायमच्या अपंगत्वाबद्दल २० लाख आणि इतर अपंगत्वाबद्दल किमान १० लाख ठरवली. शिवाय, मृत आणि अपंग झालेल्या दोहोंच्या अवलंबितांना अर्थपूर्ण शिक्षण मिळावे म्हणून शिष्यवृत्त्यांची व्यवस्था करावी असाही आदेश दिला. म्हणजे पैसे दिले की शासनाची जबाबदारी संपली असे नव्हे, मुलांचे शिक्षण हा पुनर्वसनाचाच भाग आहे, असे देशातील सर्वोच्च न्यायासनाने म्हटले. जे गटारसफाई कामगाराच्या मुलाला लागू, ते परांचीवरून पडलेल्या सुताराच्या, प्रेसने बोटे नेलेल्या ऑपरेटरच्या, घाईच्या पाळीत रस्त्यावर मेलेल्या डिलिव्हरी कामगाराच्या मुलाला का लागू नसावे? आणि सफाई कामगारांच्या बाबतीत तरी हा आदेश प्रत्यक्षात उतरला की नाही, हे प्रत्येक शहरातील आपल्या कार्यकर्त्यांनी तपासून पाहणे हे पहिले काम आहे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप पैशाचा. बांधकाम उपकराबाबत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये नोंदवलेला आकडा असा : ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमा आणि त्यांतील सुमारे ९,५०० कोटीच कामगारांसाठी खर्च. पैसा नव्हता असे म्हणण्यास जागाच राहिली नाही. २०२५ साली कर्नाटकाने गिग कामगारांसाठी कायदा करून व्यवहारांवर एक ते पाच टक्के कल्याण शुल्काची तरतूद केली. तेथेही निधीचे साधन उभे राहत आहे. त्यातून मुलांच्या शिक्षणाची योजना पहिल्यापासूनच व्हावी, हे आत्ताच मागितले पाहिजे.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. शिष्यवृत्ती हुशार मुलालाच द्यावी, असे म्हटले जाते. गुणवत्तेच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या असाव्यात, त्यांना विरोध नाही. पण बापाचा हात ज्या वर्षी गेला, त्या वर्षी दवाखान्यात रात्री काढणाऱ्या मुलाकडे ६० किंवा ७५ टक्के गुण मागणे हा क्रूर विनोद आहे. हानी अपघाताने झाली. भरपाई अपघाताची आहे, गुणांची नव्हे. प्रवेश मिळाला आणि शिक्षण चालू आहे, एवढा पुरावा पुरेसा मानला पाहिजे.

तिसरा आक्षेप आपल्याच चळवळीतून येतो आणि तो विचार करण्यासारखा आहे. शिष्यवृत्तीची मागणी करून आपण अपघाताला एक किंमत लावत नाही काय? लढा सुरक्षिततेचा हवा, मृत्यूनंतरच्या मदतीचा नव्हे. हे म्हणणे अर्धे खरे आहे. कठडे, जाळ्या, पट्टे, यंत्रांना संरक्षक आवरण, कामाचे मर्यादित तास हीच पहिली मागणी. २०२३ साली कर्नाटकात कारखान्यांत दिवसाला बारा तासांपर्यंत काम घेण्याची मुभा देणारी दुरुस्ती झाली. थकलेल्या हाताकडून यंत्राला बळी जातो, हे कोणत्याही प्रेसवाल्याला ठाऊक आहे. पण सुरक्षा आणि भरपाई या एकमेकींच्या विरोधी मागण्या नाहीत. अपघात जोवर मालकाला स्वस्त पडतो, तोवर तो सुरक्षेवर खर्च करत नाही. जखमी कामगाराच्या मुलांचे शिक्षण संपेपर्यंतचा खर्च ज्या दिवशी मालकाच्या विमावर्गणीत चढेल, त्या दिवशी प्रेसच्या दोन कळा आपोआप जागेवर बसतील.

चळवळीची उणीव

शासन आणि मालकवर्ग यांच्यावर टीका करताना आत्मपरीक्षणही केले पाहिजे. अपघात झाला की आपल्या संघटना दारावर जमतात, प्रेत उचलू देत नाहीत, भरपाईची रक्कम वाढवून घेतात. यात कार्यकर्त्यांनी मार खाल्ला आहे, तुरुंगही भोगला आहे. पण धनादेश हाती पडला की लढा संपला असे आपण समजतो. दोन वर्षांनंतर त्या घरातील मुलगी दहावी उत्तीर्ण होते आणि पी.यू.सी.ला प्रवेश घेत नाही, तेव्हा ही बातमी युनियनच्या कचेरीत पोहोचतच नाही. ज्या घरासाठी आपण लढलो, त्या घराची पुढील पिढी आपल्या नजरेआड होते. तिचे शिक्षण हे कामगारवर्गाचेच बळ आहे, याची जाणीव आपल्या कामात उतरलेली नाही.

हे काम पैशाशिवायही सुरू करता येते. प्रत्येक युनियनने अपघातांची नोंदवही ठेवावी आणि तीत जखमी कामगाराच्या मुलांची नावे, वये व इयत्ता लिहाव्यात. दरवर्षी मे महिन्यात ती वही उघडून त्या घरी जावे. दाखले, नोंदणीचे नूतनीकरण, ऑनलाइन अर्ज, बँकेचे खाते यांत मदत करावी, कारण शिष्यवृत्ती नाकारली जाते ती पुष्कळदा एका चुकलेल्या अक्षरामुळे. विद्यार्थी आणि युवक संघटनांनी हे काम अंगावर घ्यावे. निपाणीच्या विडी व तंबाखू कामगारांत, इचलकरंजी आणि भिवंडीच्या यंत्रमागांवर, बीडहून कर्नाटकातील साखर कारखान्यांवर उतरणाऱ्या ऊसतोड कामगारांत काम करणाऱ्या मराठी साथींना हे तितकेच लागू आहे.

मागण्या

या विवेचनातून पुढील मागण्या निघतात :

१. कामावर मृत्यू पावलेल्या, तसेच अपघाताने किंवा व्यवसायजन्य रोगाने कायमचे पूर्ण अथवा अंशतः अपंगत्व आलेल्या कामगाराच्या प्रत्येक मुलाला पदवी अथवा व्यावसायिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, वयाच्या २५ वर्षांपर्यंत, शिक्षणभत्ता मिळावा. त्यात फी, वसतिगृह आणि पुस्तके यांचा समावेश असावा.

२. हा भत्ता नुकसानभरपाईचा भाग म्हणून कायद्यात यावा. मंडळाच्या अधिसूचनेने तो कमी करता येऊ नये.

३. नोंदणी किंवा नूतनीकरण नव्हते या कारणाने तो नाकारला जाऊ नये. अपघात झाल्याचा पुरावा हीच पात्रता मानावी.

४. कामगार मूळचा कोणत्याही राज्याचा असो, जेथे अपघात झाला त्या राज्याने भत्ता द्यावा आणि मूल कोणत्याही राज्यात शिकत असले तरी तो चालू राहावा.

५. भरपाईचा दावा प्रलंबित असताना पहिल्या वर्षाची फी तात्पुरती शासनाने भरावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी.

६. मुलगा व मुलगी असा भेद करू नये, दोन मुलांची मर्यादा असू नये आणि विवाहामुळे मुलीचा शिक्षणभत्ता बंद होऊ नये.

साथींनो, यांतील एकही मागणी क्रांतीनंतरच्या समाजाची नाही. यांतील प्रत्येक तत्त्व या देशाच्या एखाद्या कायद्यात, न्यायालयाच्या एखाद्या निकालात किंवा दुसऱ्या एखाद्या देशाच्या अनुभवात आज अस्तित्वात आहे. ती तत्त्वे विखुरलेली आहेत. त्यांना एकत्र आणण्याचे काम न्यायालय करणार नाही, मंडळही करणार नाही. ते संघटित कामगारवर्गाचे काम आहे. बाबूसापाळ्यात मेलेल्या कामगारांची मुले आज कोणत्या गावात, कोणत्या इयत्तेत आहेत, हे विचारण्यापासून त्या कामाचा आरंभ होऊ शकतो.